चारशे बारा गावांच्या विहिरी

१

एक जुलैला सकाळी अकोल्याच्या आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयातून चारशे बारा गावांच्या विहिरी नाहीशा झाल्या. कुलूप तुटलं नव्हतं, खिडकीचा गज वाकला नव्हता आणि रखवालदार नेहमीसारखाच पेंगत होता. चोरीला गेलं ते मुळात खोलीत नव्हतंच.

झालं होतं असं. १९७१ पासून पुढची सदतीस वर्षं या कॉलेजच्या भूगोल विभागाची मुलं दर उन्हाळ्यात खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे जमिनीत खारं पाणी असलेल्या, आणि आसपासच्या गावांत जात. गावातल्या एकेका विहिरीत दोर सोडून पाणी किती खोल आहे ते मोजत, ओंजळभर पीत आणि वहीत लिहीत: गोड, मचूळ, खारट. अशा चारशे बारा वह्या होत्या. दोन वर्षांपूर्वी संस्थेला ‘डिजिटल ग्रंथालय’ म्हणून मिरवायची हौस आली. वह्या स्कॅन करून क्लाऊडवर टाकल्या, कागद रद्दीत दिले आणि त्या खोलीत एसी बसवून तिला ई-लायब्ररी म्हटलं. क्लाऊड म्हणजे काय, तर आपलं सामान कुठल्या तरी परक्या गावच्या कॉम्प्युटरवर भाड्यानं ठेवायचं आणि घरची कोठी पाडून टाकायची. हे मी तेव्हाच बोलले होते. माझं कोण ऐकतो!

मी वच्छला ठाकरे. याच संस्थेच्या अमरावतीच्या कॉलेजात ग्रंथपाल. संस्थेच्या सचिवांचा दुपारी फोन आला.

“ताई, चौकशी तुमीच करा. तुमाले क्लाऊड आवडत नाही, म्हणजे तुमी कोणाले पाठीशी घालणार नाही.”

दुसऱ्या दिवशी मी अकोल्यात. ई-लायब्ररीत एकच मुलगी बसलेली होती, बंद स्क्रीनसमोर. अफिफा तिचं नाव. वडील नियाजभाई विहिरींच्या मोटारी दुरुस्त करतात. गोड विहिरी खारट कधी आणि का झाल्या, यावर ती सहा वर्षांपासून पीएच.डी. करत होती. तिचा सगळा पुरावा म्हणजे त्या वह्या. विद्यापीठानं दिलेली शेवटची मुदतवाढ एकतीस ऑगस्टला संपणार होती, त्यानंतर नोंदणी रद्द. वह्या मिळाल्या तर प्रबंध, नाहीतर सहा वर्षं पाण्यात.

“तीस तारखेले पाच वाजेपर्यंत मी पाह्यत होती मॅडम,” ती म्हणाली. “दुसऱ्या दिवशी येऊन पाह्यते तं फोल्डरच नाही.”

“कोणावर संशय?”

तिनं दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“संशय कायले मॅडम? मले माहीत हाये कोणं केलं थे.”

२

तिनं नाव घेतलं ते तिच्याच मार्गदर्शकाचं. प्रा. गोपाल वानखडे, भूगोल विभागप्रमुख.

तीस तारखेलाच दोघांचं भांडण झालं होतं. विहिरींच्या नकाशावर एक लेख छापायचा होता आणि त्यावर आपलं नाव आधी हवं असा सरांचा आग्रह. अफिफानं नाही म्हटलं. सर म्हणाले, “पाह्यतो तुहा प्रबंध कसा होते तं.” आणि त्यानंतर अर्धा तास ते ई-लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर बसून होते.

“तू डाऊनलोड करून का नाही ठेवलंस?” मी जरा चिडूनच विचारलं. आजकालची पोरं चहासुद्धा फोटो काढल्याशिवाय पीत नाहीत.

“रागिणीताईनं फक्त पाह्याची परवानगी देल्ली होती. संदर्भाचं पुस्तक घरी नेता येत नाही म्हणे, हे बी तसंच. तिथं बसून उतरवून घे, फोटो काढायचा नाही. मी शब्द देल्ला होता.” तिनं आपली वही पुढे सरकवली. “एकसष्ट गावं उतरवून झाली मॅडम. उरली थे तुमीच मोजा.”

रागिणी देशमुख, इथल्या ग्रंथपाल, मे अखेरीस निवृत्त झाल्या. माझी तीस वर्षांची मैत्रीण. तिचा हा नियम ऐकून मला हसू यायला हवं होतं. आलं नाही, कारण मीही हेच सांगितलं असतं.

वानखडे सर आपल्या खोलीत होते. मी भांडणाचा विषय काढताच त्यांनी हात झटकले.

“बोललो मी तसं. रागात माणूस बोलते. पण तुमीच सांगा ताई, त्याच विहिरींवर माहा प्रकल्प मंजूर झाला हाये. सरकारले नकाशा द्यायचा हाये मले दिवाळीपर्यंत. आपल्याच विहिरीत मी जहर कालवीन काय?”

“मग कॉम्प्युटरवर अर्धा तास काय करत होता?”

“पोरीचा प्रवेश. आचलचा. यादी लागली होती.” त्यांनी मोबाइल पुढे केला. यादी तीस तारखेचीच होती आणि आचल वानखडेचं नाव तीत नव्हतं. मला त्यांचा राग करायचा होता, तो नीट जमेना.

मी उठले तेव्हा ते म्हणाले, “त्या संघपालले इचारा एकडाव. वह्या रद्दीत गेल्या त्या दिवशी थो माह्यासमोर म्हणाला होता, तुमचं हे आभाळातलंबी एक दिवस उडून जाईन. त्याले आधीच कसं माहीत?”

३

संघपाल ग्रंथालय परिचर. वीस वर्षांची नोकरी, पुस्तकाचा क्रमांक सांगा, डोळे मिटून कपाट दाखवील. मी त्याला वानखडे सरांचं वाक्य ऐकवलं आणि त्याचा चेहरा एकदम उतरला. निरपराध माणसाचा उतरतो तसा नाही. काहीतरी लपवलेल्या माणसाचा.

“मॅडम, इथं नका इचारू. घरी चाला.”

अफिफा आमच्यामागे आली. तिला नको म्हणायचा मला धीर झाला नाही.

त्याच्या घरात लोखंडी पलंगाखाली एक पोतं होतं, तोंड सुतळीनं शिवलेलं. त्यानं ते ओढून बाहेर काढलं आणि खाली मान घालून म्हणाला, “चोरीच हाये ही. रद्दीवाल्याच्या गाडीत टाकता टाकता मागं ठेवलं मी. नोकरी जाईन म्हणून कोणाले सांगतलं नाही.”

सुतळी उसवली. आत वह्या होत्या! करड्या पुठ्ठ्याच्या, कॉलेजचा शिक्का मारलेल्या, खऱ्या वह्या. अफिफा पोत्याजवळ जमिनीवर बसली. पहिली वही मी उघडून तिच्या मांडीवर ठेवली.

वह्या अकरा होत्या. तिनं एकेक उघडली, गावाचं नाव वाचलं आणि बाजूला ठेवली. अकरावी ठेवून तिनं पोत्याचं तोंड उघडून पुन्हा आत पाहिलं.

“काय झालं?” संघपालनं विचारलं.

“सगळी पातूरकडची गावं हायेत काका.”

“हाव ना. माह्या गावच्या अंगची. वरती थेच होते. माह्या आज्याच्या विहिरीचंबी हाये त्यात पाहा.”

पातूर डोंगराच्या पायथ्याशी. तिथलं पाणी तेव्हाही गोड होतं, आजही गोड आहे. अफिफाचा प्रबंध खाऱ्या पाण्यावर. माणसानं नोकरी पणाला लावून वाचवलं, आणि वाचवलं ते आपल्या जिवाचं. यात त्याला दोष काय द्यायचा?

अफिफानं वह्या पुन्हा नीट रचल्या, पोत्यात भरल्या आणि त्याला म्हणाली, “जपून ठेवा काका. वाळवी लागू देऊ नका.”

बाहेर आल्यावर मी हिशेब केला. वानखडे नाही, संघपाल नाही. क्लाऊडची मुख्य किल्ली ज्याच्या हातात, असा एकच माणूस उरला होता. तो महिनाभर गायब होता आणि नेमका एक जुलैला परत आला होता.

४

नितेश, संगणक विभागाचा एकुलता एक कर्मचारी, कंत्राटी. मी खोलीत शिरायच्या आधीच तो उभा राहिला होता.

“मले माहीत होतं तुमी येसान. सगळे माह्यावरच येऊन राहिले. महिनाभर घरी होतो म्हणून बदला घेतला म्हणे.”

“घेतला का?”

“मॅडम, दरवर्षी एकतीस मेले मले काढते आणि एक जुलैले पुन्हा घेते. सलग नोकरी दिसू नाही म्हणून ब्रेक देते. सात वर्षं झाली. बदला घ्यायचा असता तं पहिल्याच वर्षी घेतला असता.”

माझा विश्वास बसला असं नाही, पण उत्तर आवडलं. मी खुर्ची ओढून त्याच्या बाजूला बसले. “मला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही. ज्या दिवशी हे गेलं त्या दिवशी कोणी काय पुसलं, त्याची नोंद असते का?”

“असते ना. थेच तं समजून नाही राहिलं.” त्यानं स्क्रीन वळवली. “कोणीच काई पुसलं नाही. वानखडे सर नाही, मी नाही, कोणीच नाही. पण फायली नाहीत.”

“फक्त विहिरीच गेल्या?”

तो चपापला. हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं. जो तो विहिरींसाठी रडत होता, बाकी काय गेलं ते बघणार कोण? त्यानं जुनी यादी नवीशी ताडून पाहायला घेतली. अर्धा तास लागला. विहिरींखेरीज आणखी गेलं होतं ते असं: बांधणीला दिलेल्या पुस्तकांची यादी, परिचरांच्या रजांचा तक्ता, वाचन सप्ताहाचं निमंत्रण आणि ‘माठ भरण्याच्या पाळ्या’.

मी ती शेवटची ओळ दोनदा वाचली. चोर घरात शिरला तर दागिने नेईल, भांडी नेईल. कोपऱ्यातली केरसुणी कशाला नेईल? माठ भरण्याच्या पाळ्या चोरून कोणाचं काय भलं होणार होतं? म्हणजे हा चोर नव्हताच. दोन दिवस आम्ही सगळे ‘विहिरी कोणाला नकोशा होत्या’ हे शोधत साप समजून भुई धोपटत होतो. विचारायला हवं होतं ते वेगळंच: या सगळ्या फायलींमध्ये सारखं काय आहे?

माठाच्या पाळ्या लावायची सवय अख्ख्या संस्थेत एकाच बाईला होती.

“नितेश, हे सगळं रागिणीताईंनी तयार केलेलं ना? त्यांचं खातं उघड बरं.”

त्यानं नाव टाकलं. पुन्हा एकदा टाकलं. आणि मग कपाळावर हात मारून घेतला.

५

असं खातं अस्तित्वात नव्हतं.

“मीच बंद केलं मॅडम,” नितेश म्हणाला. “एकतीस मेले. मी आणि ताई, दोघायचा तो शेवटचा दिवस.”

मी कार्यालयातून रागिणीचं ना-देय प्रमाणपत्र मागवलं. निवृत्त होणाऱ्यानं कॉलेजचं काही आपल्याकडे ठेवलेलं नाही, यावर प्रत्येक विभागाची सही लागते. त्याशिवाय पेन्शनचे कागद हलत नाहीत. प्रयोगशाळा, जिमखाना, वसतिगृह, भांडार. चौदा सह्या, सगळ्या एकाच तारखेच्या. तेरावी ओळ: संगणक विभाग, ई-मेल खाते बंद केले. सही, नितेश.

“तू विचारलं नाहीस, खात्यात काय आहे म्हणून?”

“इचारलं ना! ताई म्हणे, माह्या खात्यात काय असन बाबू, चार ई-मेल अन् शुभेच्छा. सही करून टाक, मले पाचच्या आत कागद द्यायचे हायेत. त्या उभ्याच होत्या माह्यासमोर.”

आता मात्र मला सगळं दिसायला लागलं, आणि दिसू नये असं वाटत होतं.

रागिणीनं विहिरींचं फोल्डर रीतसर दाखल नोंदवहीत चढवलं होतं, क्रमांक देऊन, शिक्का मारून. दाखल नोंदवहीत चढलं ते ग्रंथालयाचं झालं. ग्रंथपाल येतो, जातो, किल्ल्या देतो. कपाट तिथंच राहतं. चाळीस वर्षं आम्ही हेच शिकलो. पण क्लाऊडला दाखल नोंदवही ठाऊक नाही. फोल्डर ज्या खात्यातून टाकलं त्या खात्याचं ते असतं. कपाट तिच्या नावाचं होतं आणि ती गेल्यावर तेही जायचं होतं. नितेशला ही गोष्ट माहीत होती, पण विहिरी ताईंच्या खात्यातून चढवल्यात हे माहीत नव्हतं. तिला खातं माहीत होतं, पण ही गोष्ट माहीत नव्हती. दोघं समोरासमोर उभे होते.

“बंद केलेलं खातं कंपनी तीस दिवस ठेवते,” नितेश सांगत होता. “तोवर शेअर केलेलं सगळ्यायले दिसत राह्यते. मंग आपोआप साफ.”

एकतीस मे अधिक तीस दिवस. तीस जून. आम्ही सगळे त्या दिवशी कोण कुठं होतं ते विचारत फिरत होतो, आणि प्रकार महिनाभर आधी, निरोपाचा हार गळ्यात असताना घडून गेला होता.

“कंपनी आधी कळवत नाही?”

“तीनदा कळवते. संगणक विभागाले.” त्यानं आपल्याच खुर्चीकडे पाहिलं. पूर्ण जून महिना ती रिकामी होती, आणि महिनाभराचे साठलेले ई-मेल त्यानं अजून उघडले नव्हते. रागिणीची जागाही भरली नव्हती, चार्ज कागदोपत्री प्राचार्यांकडे. “आणि खातेदाराच्या मोबाइलवरबी.”

“परत नाही आणता येणार?”

“कालपासून सहा डाव फोन लावला मॅडम. नाही म्हणते. एकडाव गेलं तं गेलं.”

शेवटचा एक दुवा तेवढा राहिला होता. मोबाइलवरचे ते तीन संदेश कुठं गेले?

६

निवृत्तीनंतर रागिणी गुरुकुंज मोझरीला राहत होती. आश्रमातली जुनी पुस्तकं लावून द्यायचं काम तिनं हौसेनं अंगावर घेतलं होतं. मला पाहून तिला एवढा आनंद झाला की काय बोलायचं ते मी विसरले. फोल्डर गेल्याचं तिला कोणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, आधी विचारते, मग सांगते.

गप्पा पेन्शनवरून मोबाइलवर आणल्या. आजकाल काय काय संदेश येतात, वगैरे.

“अवो बाप्पा, इचारूच नको!” रागिणी खूश होऊन सांगायला लागली. “आपण मार्चात पोलिसायचं व्याख्यान नव्हतं ठेवलं काय, सायबर फसवणुकीवर? खातं बंद होईन, फायली जातीन, इथं क्लिक करा, असं आलं की समजायचं चोर हाये. मले जूनमदी तसेच तीन आले, मोजून तीन! आपली सगळी माहिती कायमची पुसल्या जाईन म्हणे. मी काई क्लिक केलं नाही. तिन्ही ब्लॉक करून टाकले.”

ती माझ्याकडे शाबासकीसाठी पाहत होती.

मी शाबास म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? चोख काम करणारी बाई. नियमानं फोटो काढू दिला नाही, नियमानं कागद रद्दीत घातले, नियमानं खातं बंद करून घेतलं, नियमानं संदेश ब्लॉक केले. एक जरी नियम तिनं मोडला असता तरी वह्या वाचल्या असत्या. मला रडू येत होतं आणि तिचा भयंकर रागही येत होता, आणि दोन्हींपैकी काहीच दाखवता येत नव्हतं. मी पोह्यांची बशी रिकामी केली आणि काही न सांगता निघून आले.

७

अहवालात मी लिहिलं की यात कोणी गुन्हेगार नाही, आणि कारण सविस्तर दिलं. संस्थेला कारण नको होतं, नाव हवं होतं. सही नितेशची होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथं चोरही नव्हता. आठवडाभरात त्याला ब्रेक दिला, या वेळी परत न बोलावण्याचा. मूल्यांकनाच्या कागदांत ‘चारशे बारा दुर्मीळ हस्तलिखिते क्लाऊडवर उपलब्ध’ हे वाक्य तसंच राहिलं. ते पुसायला कोणी तयार नव्हतं.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी अकोल्याला नियाजभाईंच्या दुकानात गेले. ते मोटारीची गुंडाळी भरत होते. अफिफा समोरच्या टेबलावर आलेल्या मोटारींच्या चिठ्ठ्या लिहीत होती. एकतीस ऑगस्ट होऊन गेला होता. विद्यापीठाचं पत्र तिनं मला दाखवलं नाही, मीही मागितलं नाही.

मी तिला सगळं सांगितलं, ना-देयपासून तीन संदेशांपर्यंत. तिचा तेवढा हक्क होता.

“ताईले माहीत हाये?” शेवटी तिनं विचारलं.

“नाही.”

“सांगू नका.”

“अगं, पण कधीतरी कळेलच की.”

“त्या पोथ्या लावून राहिल्या तिथं. लावू द्या.”

नियाजभाईंनी हातातली तार खाली ठेवली. “मॅडम, बाकी के गाँव ये फिर से घूम ले तो? मी घेऊन जातो तिले गाडीवर.”

“कायले अब्बा?” अफिफा शांतपणे म्हणाली. “आज पाणी कसं हाये थे कोणीबी सांगन. पन्नास वर्षांपूर्वी कसं होतं, थे कोण सांगन? पिणारे गेले, निम्म्या विहिरी बुजल्या.”

नियाजभाईंनी तार पुन्हा उचलली. मी इतक्या हुशारीनं कोडं सोडवलं होतं आणि त्याचा या पोरीला एका पैचाही उपयोग नव्हता.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिनं नाव पाहिलं, मला गप्प राहायची खूण केली आणि उचलला. पलीकडचा आवाज मला ओळखू येत होता.

“हाव ताई... बरी हाये. नाही नाही, मुदत वाढवून भेटली ना... चौथं प्रकरण चालू हाये. हो, रोज बसते ई-लायब्ररीत.” ती ऐकत राहिली, मग हसलीसुद्धा. “तुमचं नाव पहिल्या पानावरच टाकीन ताई. तुमच्याशिवाय कुठं झालं असतं?”

फोन ठेवून तिनं टेबलावरचं पेन उचललं आणि दारात मोटार घेऊन उभ्या असलेल्या माणसाला विचारलं, “नाव सांगा काका. कोणतं गाव?”